कोष्टकातील काळ आणि परिपथातील काळ : स्टँडर्ड सेल व मिश्र-संकेत परिपथांच्या काल-लक्षणांकनाची चिकित्सा

सारांश

एकात्मिक परिपथांच्या संकल्पनात स्टँडर्ड सेल ग्रंथालयातील विलंबाचे आकडे मूलभूत सत्य म्हणून स्वीकारले जातात. हे आकडे कसे मोजले जातात, ते मोजताना कोणती गृहीतके धरली जातात आणि मिश्र-संकेत परिपथांच्या बाबतीत ती गृहीतके कोठे अपुरी पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. सर्वांसाठी खुले असलेले स्काय १३० हे ग्रंथालय, या विषयावरील प्रचलित पाठ्यपुस्तके आणि तारापूर परिसरातील अध्यापनाचा अनुभव हे या चिकित्सेचे आधार आहेत. कोष्टकातील आकडा हा निसर्गाचा गुणधर्म नसून विशिष्ट अटींखाली नोंदलेली साक्ष आहे आणि विद्यार्थ्याला ती साक्ष तपासण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : स्टँडर्ड सेल, काल-लक्षणांकन, विलंब-कोष्टक, सेटअप व होल्ड, मिश्र-संकेत परिपथ, तारापूर

१. प्रास्ताविक

तारापूरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हा नियम सोपा आहे, तोंडपाठ राहतो आणि बहुतेक दिवशी उपयोगी पडतो. परंतु अमावास्येला व पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे पंधरा तिथींत बारा तासांचे अंतर कापले जाते. त्या हिशेबाने दर तिथीला ४८ मिनिटे पडतात, ४५ नव्हे. त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस हा ठोकताळा पाऊण तासाने मागे पडतो. ज्याला अधिक अचूक वेळ हवी असते तो छापील भरती-कोष्टक पाहतो. आणि ज्याला खाडीच्या मुखातून होडी आत घ्यायची असते तो त्या कोष्टकातही आपल्या खाडीपुरती दुरुस्ती करतो. नियम, कोष्टक आणि स्थानिक दुरुस्ती अशा ज्ञानाच्या या तीन पायऱ्या आहेत. त्यांपैकी कोणतीही खोटी नाही. मात्र आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, याचा विसर पडला की होडी गाळात रुतते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात डिजिटल परिपथांचा विलंब शिकविताना नेमका हाच विसर पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. तेथेही एक सोपा रेषीय नियम आहे, त्याहून सूक्ष्म असे कोष्टक आहे आणि कोष्टकाबाहेरचे वास्तवही आहे. विद्यार्थी मात्र पदवी घेऊन बाहेर पडतो तो दुसऱ्या पायरीलाच शेवटची पायरी समजून. ही उणीव केवळ परीक्षेपुरती नाही. ज्या परिसरात अणुविद्युत केंद्र आहे आणि औद्योगिक वसाहतीत मापन-नियंत्रणाची असंख्य उपकरणे रोज चालतात, तेथे 'हा आकडा कोठून आला' असे विचारणारा तंत्रज्ञ तयार होणे ही सामाजिक गरज आहे.

२. संज्ञांचा प्रश्न

चिकित्सेचा आरंभ शब्दांपासून करणे आवश्यक आहे. 'सेल' हा शब्द मराठी विद्यार्थ्याने प्रथम ऐकलेला असतो तो टॉर्चमधील सेल म्हणून, नंतर जीवशास्त्रातील पेशी म्हणून आणि बाजारात सवलतीची विक्री म्हणून. स्टँडर्ड सेलमधील सेल यांपैकी काहीच नाही. तो म्हणजे ठरावीक उंचीत बसविलेला, आधीच आखून तपासलेला लहान तर्क-घटक होय. व्युत्क्रमक, नँड, नॉर, फ्लिप-फ्लॉप असे शेकडो घटक एका उंचीचे करून ठेवले की चिरे रचावेत तशी त्यांची रांग लावता येते.

'लायब्ररी' हा शब्दही फसवा आहे. ग्रंथालय म्हटले की वाचकासमोर विविध मतांची पुस्तके येतात. येथे मात्र ती एकाच आज्ञावली-स्वरूपात लिहिलेली आकड्यांची वही असते. लिबर्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वरूपात ही वही लिहिली जाते आणि विलंब-विश्लेषणाची सर्व साधने ती वाचतात. 'कॅरॅक्टरायझेशन' या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'लक्षणांकन' हा शब्द वापरला आहे. त्यात 'अंकन' आहे, म्हणजे कोणीतरी केलेली नोंद आहे, ही बाब जाणीवपूर्वक पुढे आणावयाची आहे. 'गुणधर्म' म्हटले की तो वस्तूचा होतो. 'अंकन' म्हटले की नोंद करणारा, नोंदीची पद्धत आणि नोंदीची वेळ हे तिन्ही प्रश्न आपोआप उभे राहतात.

३. कोष्टक कसे तयार होते

स्टँडर्ड सेलचा विलंब प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असतो. आत येणारा संकेत किती वेगाने चढतो वा उतरतो आणि बाहेर किती धारिता ओढावी लागते. प्रत्येकासाठी सामान्यतः सात मूल्ये घेतली जातात. त्यामुळे ७ × ७ असे ४९ चौकटींचे कोष्टक बनते. प्रत्येक चौकटीसाठी ट्रान्झिस्टरच्या पातळीवर स्पाइस प्रकारच्या आज्ञावलीने सिम्युलेशन केले जाते आणि मिळालेला विलंब त्या चौकटीत लिहिला जातो. चढत्या संकेताचा विलंब, उतरत्या संकेताचा विलंब आणि दोन्ही प्रसंगी बाहेरच्या संकेताचा संक्रमणकाल अशी चार कोष्टके एका मार्गासाठी लागतात. म्हणजे १९६ आकडे. दोन आदाने असलेल्या नँड घटकाला दोन मार्ग असल्याने ३९२ आकडे होतात आणि हे सर्व केवळ एका तापमान-विभव स्थितीसाठी. ग्रंथालयात अशा अनेक स्थिती असतात.

येथे पहिली गोष्ट लक्षात घेतली पाहिजे की ही मोजदाद सिलिकॉनवर झालेली नाही. ती ट्रान्झिस्टरच्या गणिती प्रतिमानावर झालेली आहे. प्रतिमान सिलिकॉनवरील मोजमापांशी जुळवून घेतलेले असते हे खरे; पण नँड घटकाच्या ३९२ आकड्यांपैकी प्रत्येक आकडा प्रत्यक्ष चिपवर मोजला गेला, असा समज विद्यार्थ्याने करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे चौकटींच्या मधले मूल्य अंतर्वेशनाने काढले जाते. उदाहरणादाखल काही कल्पित आकडे घेऊ. आदानाचा संक्रमणकाल ०.०५ नॅनोसेकंद असताना ०.०१ व ०.०३ पिकोफॅरड भारांसाठी विलंब अनुक्रमे ०.१० व ०.१८ नॅनोसेकंद आहे, संक्रमणकाल ०.२० असताना तो ०.१४ व ०.२२ आहे. आता संक्रमणकाल ०.१० आणि भार ०.०२ असेल तर विलंब किती? भार बरोबर मध्यावर असल्याने दोन ओळींतील मूल्ये ०.१४ व ०.१८ येतात. संक्रमणकालाचे अंतर एकतृतीयांश कापले गेल्याने उत्तर सुमारे ०.१५३ नॅनोसेकंद येते. हे उत्तर नीटनेटके आहे. पण चार खुंट्यांवर ताणलेले कापड खालच्या जमिनीसारखेच असेल, हे गृहीत त्यात दडले आहे. भार कोष्टकाच्या शेवटच्या मूल्यापलीकडे गेला तर बहिर्वेशन करावे लागते; तेव्हा एका बाजूची खुंटीच नसते.

तिसरी गोष्ट व्याख्येची. विलंब मोजताना आदान निम्म्या विभवाला पोहोचल्यापासून प्रदान निम्म्या विभवाला पोहोचेपर्यंतचा काळ धरला जातो. आदान फार सावकाश चढत असेल, घटक सबळ असेल आणि भार हलका असेल, तर आदान निम्म्यावर पोहोचण्यापूर्वीच प्रदान निम्म्याच्या पार होऊ शकते. अशा वेळी विलंब ऋण येतो. परिणाम कारणाच्या आधी घडला असा याचा अर्थ नाही. निम्म्याची रेषा आपण आखली होती, घटकाने नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात हे उदाहरण दिले की विद्यार्थी प्रथम हसतात आणि मग विचारात पडतात. आकड्याची चिकित्सा या विचारापासूनच सुरू होते.

४. कोष्टक काय सांगत नाही

२०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर तंत्राचा संकल्पन-संच सर्वांसाठी खुला केला. तोपर्यंत असे ग्रंथालय गोपनीयतेच्या करारावाचून पाहावयास मिळणे आपल्यासारख्या महाविद्यालयांना जवळजवळ अशक्य होते. या दृष्टीने स्काय १३० हा शिक्षणावरील मोठा उपकार आहे आणि त्याची चिकित्सा करताना ही कृतज्ञता विसरता येणार नाही. किंबहुना ते खुले आहे म्हणूनच त्याची चिकित्सा शक्य होते.

या ग्रंथालयातील एका वहीवर सर्वसाधारण प्रक्रिया, २५ अंश सेल्सिअस आणि १.८० व्होल्ट अशी स्थिती नोंदलेली आहे. दुसरीवर मंद प्रक्रिया, १०० अंश आणि १.६० व्होल्ट, तिसरीवर जलद प्रक्रिया, उणे ४० अंश आणि १.९५ व्होल्ट. यांना या क्षेत्रात 'कॉर्नर' म्हणजे कोपरे म्हणतात. विद्यार्थी आपल्या प्रकल्पात बहुधा पहिली वही उचलतो, कारण तिचे नाव 'टिपिकल' आहे. पण टिपिकल कोणासाठी? चिपच्या अंतर्भागाचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा नेहमीच अधिक असते आणि बोईसरच्या उन्हाळ्यात कारखान्यातील नियंत्रण-पेटीच्या आत २५ अंश ही स्थिती शोधूनही सापडणार नाही. त्यात विभव कमी असेल तर काही तंत्रांत थंड घटकच अधिक मंद होतो, हा उलटा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. म्हणून 'उष्ण म्हणजे मंद' हा सरधोपट नियमही पुरत नाही. सर्वसाधारण स्थितीची वही म्हणजे एका प्रयोगाची नोंद होय. ती आपल्या वापराची हमी होऊ शकत नाही.

याहून खोल प्रश्न एकाच वेळी बदलणाऱ्या आदानांचा आहे. नँड घटकाचे कोष्टक तयार करताना एक आदान बदलते आणि दुसरे उच्च स्थितीत स्थिर ठेवलेले असते. प्रत्यक्षात दोन्ही आदाने एकदम खाली आली तर समांतर जोडलेले दोन्ही पी-प्रकारचे ट्रान्झिस्टर एकत्र प्रवाह देतात आणि प्रदान कोष्टकातील काळापेक्षा लवकर वर जाते. उलट दोन्ही आदाने एकदम वर गेली तर एकाखाली एक जोडलेले एन-प्रकारचे ट्रान्झिस्टर एकाच वेळी चालू होत असल्याने प्रदान कोष्टकापेक्षा उशिरा खाली येते. पहिल्या प्रसंगात किमान विलंबाचा हिशेब चुकतो, दुसऱ्यात कमाल विलंबाचा. दोन्ही वेळा चूक घातक बाजूलाच होते. कोष्टकात याचा उल्लेख नसतो, कारण कोष्टकाला दोन अक्षच आहेत. तिसऱ्या प्रश्नासाठी त्यात जागा नाही.

यावर व्यावसायिक संकल्पकांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, आम्ही पुरेशी सूट ठेवतो. एकाच चिपवरील घटकांमध्ये पडणाऱ्या फरकासाठी विलंबाला काही टक्क्यांनी वाढवून वा घटवून पाहिले जाते. अलीकडील ग्रंथालयांत प्रत्येक चौकटीसोबत सांख्यिकीय विचलनाची कोष्टकेही दिली जातात. प्रदान केवळ विलंबाने न सांगता प्रवाहाच्या रूपाने सांगणारी अधिक सूक्ष्म प्रतिमानेही वापरात आली आहेत. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यावर उभे असलेले परिपथ जगभर चालतात, हे नाकारता येणार नाही. परंतु सूट ही अज्ञानाची किंमत आहे. ती वेगाच्या रूपाने मोजावी लागते. शिवाय किती सूट ठेवावी हे ठरविण्यासाठी मूळ आकडा कोठे चुकू शकतो हे ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासाठी सूट ही केवळ प्रथा उरते.

या संदर्भात भारतीय उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या आयआयटीत संकल्पिलेला अजित हा प्रोसेसर २०१९ मध्ये पुढे आला. त्याची निर्मिती मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, म्हणजे एससीएलमध्ये, १८० नॅनोमीटर तंत्रात झाली. १९८९ च्या भीषण आगीत उत्पादन-कक्ष गमावून पुन्हा उभी राहिलेली ही संस्था आहे. अजितचा वेग ७० ते १२० मेगाहर्ट्झ असा पल्ल्याच्या रूपात सांगितला गेला. म्हणजे एका स्पंदाचा काळ सुमारे १४.३ ते ८.३ नॅनोसेकंद. एका आकड्याऐवजी पल्ला सांगणे ही दुबळेपणाची खूण नव्हे, ती मोजमापाची सभ्यता आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात असा पल्ला क्वचितच आढळतो. तेथे दशांशचिन्हापुढे चार अंक असतात आणि अटींचे एकही वाक्य नसते.

५. सेटअप व होल्ड : मोजलेले की ठरविलेले?

फ्लिप-फ्लॉपच्या बाबतीत क्लॉकची कड येण्यापूर्वी विदा-संकेत जितका काळ स्थिर असावा लागतो तो सेटअप काळ आणि कड येऊन गेल्यावर जितका काळ स्थिर असावा लागतो तो होल्ड काळ. ही व्याख्या दोन गुणांची आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ती पाठ असते. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे तशीच शिकविली. दगडाला जसे वजन असते तसा फ्लिप-फ्लॉपला सेटअप काळ असतो, अशा थाटात.

काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत याची मोजणी करून दाखविण्याचा प्रसंग आला. विदा-संकेताची कड क्लॉकच्या कडेजवळ थोडीथोडी सरकवीत न्यावी. प्रथम काही फरक पडत नाही. मग क्लॉकपासून प्रदानापर्यंतचा विलंब हळूहळू वाढू लागतो. तो मूळ विलंबाच्या दहा टक्क्यांनी वाढला की तेथे थांबून त्या अंतराला सेटअप काळ म्हणावे, अशी रूढ रीत आहे. सातपाटीच्या मासेमार कुटुंबातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे दहा टक्के कोणी ठरवले? पाच का नाहीत?" या प्रश्नाला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पाच टक्के धरले तर सेटअप काळ मोठा येतो, वीस धरले तर लहान. फ्लिप-फ्लॉप तोच असतो. तो पहिल्या टक्क्यालाही बिघडत नाही आणि दहाव्यालाही. तो केवळ अधिकाधिक सावकाश होत जातो आणि पुढे कोठेतरी चुकतो. आपण त्या उतारावर एक खुंटी ठोकतो आणि खुंटीला सीमा म्हणतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. सेटअप मोजताना होल्डची बाजू भरपूर मोकळी सोडलेली असते आणि होल्ड मोजताना सेटअपची. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ताण आला तर दोन्ही मूल्ये वाढतात. म्हणजे ग्रंथालयातील सेटअप आणि होल्ड हे दोन आकडे स्वतंत्रपणे खरे असले तरी एकत्रपणे खरे असतीलच असे नाही. खुंटी ठोकण्यास प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नाही. खुंटीशिवाय शेताची हद्द राहत नाही. आक्षेप आहे तो खुंटी ठोकणाऱ्याचा हात लपविण्याला.

६. मिश्र-संकेत परिपथ : एका आकड्याची अडचण

डिजिटल घटकांच्या बाबतीत वरील दोष सुटीने झाकता येतात. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यांच्या सीमेवरील परिपथांत ते तसे झाकले जात नाहीत. तुलनक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. दोन विभवांपैकी मोठे कोणते हे सांगणारा हा परिपथ प्रत्येक अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तकाच्या गाभ्याशी असतो. पुनरुत्पादक प्रकारच्या तुलनकात निर्णयास लागणारा काळ हा त्या परिपथाचा काल-स्थिरांक आणि अंतिम विभव भागिले आरंभीचा विभव-फरक याचा नैसर्गिक लॉगरिदम यांच्या गुणाकाराइतका असतो. काल-स्थिरांक ५० पिकोसेकंद मानला तर फरक १०० मिलिव्होल्टवरून १ मिलिव्होल्टवर आल्यास निर्णयाला आणखी सुमारे २३० पिकोसेकंद लागतात. फरक त्याच्याही शंभरावा हिस्सा झाला तर आणखी २३० पिकोसेकंद. फरक शून्याकडे जाऊ लागला की काळ अमर्याद वाढतो. यालाच अर्धस्थिर अवस्था म्हणतात.

आता असा तुलनक एका मोठ्या चिपमध्ये बसवायचा झाला, की त्याचे वर्णन त्याच लिबर्टी-स्वरूपात मागितले जाते. त्या स्वरूपात संक्रमणकाल आणि भार यांसाठी अक्ष आहेत. विभव-फरकासाठी अक्ष नाही. परिणामी लक्षणांकन करणारा अभियंता एक ठरावीक फरक गृहीत धरतो, त्यासाठीचा काळ मोजतो आणि तो आकडा कोष्टकात लिहितो. पुढील वाचणाऱ्याला तो आकडा नँड घटकाच्या आकड्यासारखाच दिसतो. दोन्ही एकाच रकान्यात, तितक्याच दशांश स्थळांपर्यंत. पण एका आकड्यामागे मर्यादित अनिश्चितता आहे आणि दुसऱ्यामागे संभाव्यता. 'इतक्या वेळात निर्णय होईल' असे विधान तुलनकाबद्दल करताच येत नाही. 'इतक्या वेळात निर्णय न होण्याची शक्यता इतकी कमी आहे' एवढेच म्हणता येते. स्वरूपाने विधानाची जातच बदलून टाकली, हा या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय.

अ‍ॅनालॉग भागाचा स्वभाव आधीच लिहून ठेवता येत नाही, याची कबुली उद्योगाने दुसऱ्या मार्गाने दिलेलीच आहे. २०२१ मध्ये आयआयटी मुंबई आणि एससीएल यांनी १८० नॅनोमीटर तंत्रात एकदाच लिहिता येणारी ८-बिट स्मृती विकसित केल्याचे जाहीर झाले. अशा स्मृतीचा एक प्रमुख उपयोग चिप तयार झाल्यानंतर तिच्यातील अ‍ॅनालॉग भागाची बारीक जुळणी करून ती कायम राखण्यासाठी होतो. म्हणजे प्रत्यक्ष वस्तू हाती आल्यावर तिला विचारून दुरुस्ती करावी लागते. खाडीपुरती दुरुस्ती म्हणतात ती हीच.

७. तारापूरचा संदर्भ

ही सर्व चर्चा पिकोसेकंदांची आहे. परंतु तिचे तत्त्व आपल्या परिसरात सेकंदांच्या मापाने कार्यरत आहे. तारापूर अणुविद्युत केंद्राचे चौथे व तिसरे एकक अनुक्रमे २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले. प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत एकमेकींपासून स्वतंत्र अशा दोन बंद-यंत्रणा आहेत. एक शोषक दांडे गुरुत्वाने खाली सोडते, तर दुसरी मंदकात न्यूट्रॉन शोषणारे द्रावण सोडते. अशा कोणत्याही संरक्षण-साखळीत संवेदक, प्रवर्धक, तुलनक, तीनपैकी दोन मार्गांचे एकमत तपासणारे तर्कमंडल आणि अखेरीस यांत्रिक हालचाल हे टप्पे येतात. म्हणजे ही साखळी मुळातच मिश्र-संकेत स्वरूपाची आहे. तिच्या प्रत्येक टप्प्याला विलंब आहे आणि सुरक्षा-विश्लेषणात एकूण विलंबाची मर्यादा गृहीत धरलेली असते. पण ते गृहीत धरून कोणी स्वस्थ बसत नाही. दांडे खाली येण्यास लागणारा काळ ठरावीक अंतराने प्रत्यक्ष मोजला जातो. कोष्टक आणि मोजमाप यांचा हा संवाद सुरक्षेचा कणा आहे.

याच केंद्राची पहिली दोन एकके १९६९ मध्ये व्यापारी उत्पादनात आली, तेव्हा त्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांतील अडचणींमुळे ती १६० मेगावॅट अशी घटवून नोंदविण्यात आली. काहींना यात अपयश दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते अनुभवाने आकडा दुरुस्त करणे आणि दुरुस्त केलेला आकडाच अधिकृत मानणे ही अभियांत्रिकीतील प्रामाणिकपणाची रीत आहे. ज्या केंद्राचे धुरांडे वर्गाच्या वाटेवर दिसते, तेथील ही रीत आपल्या अभ्यासक्रमात मात्र उतरलेली नाही.

८. पाठ्यपुस्तके आणि अध्यापन

या उणिवेचा दोष पाठ्यपुस्तकांवर सरसकट टाकता येणार नाही. वेस्ट व हॅरिस यांच्या प्रसिद्ध ग्रंथात रेषीय विलंब-प्रतिमानाच्या मर्यादांची स्वतंत्र चर्चा आहे. सुदरलँड, स्प्रोल व हॅरिस यांनी १९९९ च्या पुस्तकात विशद केलेली लॉजिकल एफर्ट ही पद्धत झटपट अंदाजासाठी आहे. तिची जागा पाऊणपटीच्या ठोकताळ्याची, आणि तेथे ती अत्यंत समर्थ आहे. भास्कर व चढ्ढा यांचे २००९ चे स्थिर काल-विश्लेषणावरील पुस्तक ग्रंथालयाचे स्वरूप तपशिलाने समजावते. मात्र त्याचा वाचक हा ग्रंथालय हाती मिळालेला अभियंता आहे, ते घडविणारा नव्हे. त्यामुळे 'दिलेले आहे' या शब्दांपासूनच त्याचा प्रवास सुरू होतो. पुस्तकाच्या उद्दिष्टाला ते धरून आहे. अडचण अशी, की आपल्या परीक्षा-पद्धतीत मर्यादांचे प्रकरण वगळले जाते आणि 'दिलेले आहे' एवढेच उरते. मराठीत तर या विषयावर मर्यादांविषयी किंवा मूळ विषयाविषयी सलग लेखन शोधावे लागते. ज्याचे शालेय शिक्षण वाणगाव, दांडी वा विक्रमगडच्या मराठी शाळेत झाले त्याला इंग्रजी व्याख्या पाठ करणे हाच सोपा मार्ग वाटतो. पाठ केलेल्या वाक्याला प्रश्न विचारता येत नाही.

यावर खर्चाची सबब पुढे करता येणार नाही. खुले ग्रंथालय, एनजीस्पाइस ही मोफत आज्ञावली आणि एक साधा संगणक एवढ्यावर पुढील तीन प्रयोग करता येतात. पहिला, नँड घटकाच्या कोष्टकातील एक चौकट निवडून तिचा आकडा स्वतः सिम्युलेशनने काढणे आणि तफावतीचे कारण शोधणे. दुसरा, दोन्ही आदाने एकदम बदलून कोष्टक किती चुकते ते पाहणे. तिसरा, पाच, दहा व वीस टक्क्यांच्या निकषांनी एकाच फ्लिप-फ्लॉपचे तीन सेटअप काळ काढणे. या तिन्ही प्रयोगांच्या अहवालात आकड्यासोबत अटींचे वाक्य सक्तीचे असावे आणि ते वाक्य विद्यार्थ्याने प्रथम मराठीत लिहावे, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ज्याला अट स्वतःच्या भाषेत सांगता येते त्याला ती समजलेली असते.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. स्टँडर्ड सेलचे विलंब-कोष्टक हे उपयुक्त आणि अपरिहार्य साधन आहे. मात्र ते प्रतिमानावर, ठरावीक स्थितीत, एका वेळी एकच आदान बदलून केलेले अंकन आहे. सेटअप व होल्ड ही मूल्ये मोजलेली असली तरी त्यांची सीमा ठरविलेली आहे. मिश्र-संकेत परिपथांना डिजिटल घटकांचे स्वरूप लावले असता संभाव्यतेचे विधान निश्चिततेचे भासू लागते आणि तेथे धोका सर्वाधिक आहे. म्हणून लक्षणांकनाचे अध्यापन हे आकडे वाचण्याचे नव्हे तर आकडे तपासण्याचे अध्यापन असले पाहिजे.

दहा टक्क्यांचा प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी पुढे याच परिसरातील एका कारखान्यात उपकरण-विभागात लागला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाने पुढील वर्षापासून प्रत्येक वर्गात पहिल्याच तासाला देण्यास आरंभ केला. ते उत्तर असे, की दहा टक्के माणसांनी ठरविले आहेत, त्यामागे कारणे आहेत, आणि ती कारणे आपल्या कामाला लागू पडतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी आकडा वापरणाऱ्याची आहे.